डेव्हिल्स टॉवर चढायचाय? आधी जून वगळा

अमेरिकेतल्या वायोमिंगमधला हा सुळका लाकोटा या तिथल्या मूळनिवासी जमातीसाठी ‘माटो टिपिला’, म्हणजे अस्वलाचं घर. वीसहून अधिक आदिवासी जमातींचं त्याच्याशी नातं आहे. जूनमध्ये इथे त्यांचे विधी होतात, म्हणून 1995 च्या चढाई-व्यवस्थापन आराखड्यापासून त्या महिन्यात चढाई न करण्याची विनंती केली जाते. बंदी नाही, कुणी अडवणारही नाही. तरी जाऊ नयेच. पर्याय म्हणून ब्लॅक हिल्स डोंगररांगेतले नीडल्स हे सुळके सुचवले जातात, पण ती डोंगररांगही लाकोटांना पवित्रच!

सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेची भिंत तापते, दुपारी विजा कडाडतात. तेव्हा पहाटेच निघा. चढण्याआधी नोंदणी आणि उतरल्यावर परतल्याची नोंद, दोन्ही सक्तीचं आणि मोफत. ससाण्यांच्या घरट्यांमुळे कुठले मार्ग बंद आहेत तेही तिथेच विचारा.

वाटेत झाडांना रंगीत कापडं, छोट्या पुरचुंड्या बांधलेल्या दिसतील. त्या प्रार्थना आहेत: हात लावू नका, फोटो नको, सोडवून ‘साफसफाई’ तर मुळीच नको.

भिंतीवर भेगांत नट आणि कॅम, म्हणजे भेगेत अडकवून नंतर काढून घेता येणारी आधाराची साधनंच वापरा. पॉवर ड्रिलला मनाई आहे. रॅपलनंतर, म्हणजे दोरावरून उतरल्यावर, दोर ओढताना तो खडकाच्या खांबांमधल्या भेगेत हमखास अडकतो. म्हणून गाठ भेगेपासून दूर ठेवा, शेवटचा माणूस उतरण्याआधी दोर खालून ओढून पाहा.