एसईपीत जास्त पैसे भरले गेले तेव्हा

२०२३ च्या जानेवारीत नोकरी सोडून न्यू जर्सीत स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं. पगारासोबत कंपनीचा ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्ती-बचत योजना, सुटला, म्हणून एसईपी-आयआरए हे स्वयंरोजगारवाल्यांनाही चालणारं निवृत्ती खातं उघडलं. जिथे वाचावं तिथे एकच लिहिलेलं: उत्पन्नाच्या २५ टक्के भरता येतात. डिसेंबरअखेर खर्च वजा जाता नफा ८०,००० डॉलर निघाला. त्याचा चौथा हिस्सा, २०,००० डॉलर, भरून मी मोकळी झाले.

मार्चमध्ये रिटर्न भरायला बसले तर सॉफ्टवेअर १४,८७० डॉलरच्या पुढे वजावट देईना. आधी वाटलं, माझंच काहीतरी टाइप करताना चुकलं. मग आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर विभागाच्या) प्रकाशन ५६० मधला तक्ता घेऊन कागदावर हिशेब मांडला.

नवीन माणसाने हे नीट समजून घ्यावं. नोकरदाराच्या बाबतीत मालक पगाराच्या वर २५ टक्क्यांपर्यंत भरू शकतो. आपल्या बाबतीत मालकही आपणच आणि नोकरही आपणच. भरलेली रक्कम आपल्याच नफ्यातून जाते आणि २५ टक्के धरायचे ते ती गेल्यावर उरलेल्यावर. म्हणजे १२५ मधले २५, प्रत्यक्षात २० टक्के. त्याआधी स्वयंरोजगार कराचा (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीच्या कराचा) अर्धा भाग वजा होतो. हा कर नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवरच लागतो: माझ्या ८०,००० चे ९२.३५ टक्के म्हणजे ७३,८८०, त्यावर १५.३ टक्क्यांनी कर ११,३०४, त्याचा अर्धा ५,६५२. उरले ७४,३४८, आणि त्याचे २० टक्के १४,८७०. जास्तीचे गेले ५,१३० डॉलर.

ते तसेच ठेवले असते तर वजावट न मिळणाऱ्या रकमेवर १० टक्के दंडात्मक कर (एक्साइज टॅक्स), तोही फॉर्म ५३३० वर वेगळा भरायचा. पुढच्या वर्षीच्या मर्यादेत ती रक्कम सामावून घेता येते, पण तोवर हा कर दरवर्षी लागतो. मी पैसे काढून घ्यायचं ठरवलं.

खातं होतं त्या ब्रोकरेजला फोन केला तर पहिल्या माणसाने सांगितलं, 'साधं विड्रॉवल टाका.' तसं मुळीच करू नका. ते नेहमीचं वितरण म्हणून नोंदलं जातं आणि साडेएकोणसाठच्या आतल्या माणसाला त्यावर दंड लागू शकतो. जास्तीचं योगदान परत घेण्याचा फॉर्म वेगळा असतो, तोच मागा. त्यात कुठल्या करवर्षाचं योगदान ते अचूक लिहा. त्या रकमेवर झालेली कमाईही सोबत काढावी लागते. ती कमाई योगदान केलं त्या वर्षाच्या, म्हणजे माझ्या बाबतीत २०२३ च्या उत्पन्नात धरायची. खात्यातून काढलेल्या पैशांची नोंद देणारा फॉर्म १०९९-आर मात्र २०२५ च्या जानेवारीत येणार होता. त्याची वाट न बघता मी आकडा रिटर्नमध्ये स्वतः धरला आणि ब्रोकरेजचं पत्र जपून ठेवलं. कमाईवर पूर्वी लागणारा १० टक्के दंड २०२२ च्या शेवटी आलेल्या सिक्युअर २.० कायद्याने काढून टाकला, एवढा दिलासा मिळाला.

माझ्या मैत्रिणीची अडचण वेगळी होती. तिचा सोलो ४०१(के), म्हणजे एकट्याने धंदा करणाऱ्याचा ४०१(के), आणि २०२४ मध्ये ऑगस्टपर्यंत नोकरीही. कर्मचारी म्हणून कापून घेण्याची मर्यादा २०२४ साठी २३,००० डॉलर होती (वय ५० च्या आत). ती माणशी असते, प्रत्येक प्लॅनला वेगळी नाही. तिचे नोकरीत १५,००० आणि स्वतःच्या प्लॅनमध्ये १२,००० गेले होते, म्हणजे ४,००० जास्त. हे १५ एप्रिलपर्यंत काढावेच लागतात, रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही तारीख हलत नाही. चुकली तर त्याच पैशावर आत्ता एकदा आणि पुढे काढताना पुन्हा, असा दोनदा कर बसतो. तिने फेब्रुवारीतच दोन्हीकडचे आकडे जुळवले, म्हणून निभावलं.

एसईपीला तशी घाई नसते. मुदतवाढ घेतली तर १५ ऑक्टोबरपर्यंत आदल्या वर्षाचं योगदान भरता येतं. मी आता डिसेंबरमध्ये काहीच भरत नाही. आधी शेड्यूल सी (धंद्याच्या नफ्याचा फॉर्म), मग शेड्यूल एसई (स्वयंरोजगार कराचा फॉर्म), आणि त्यातून निघालेला आकडा हातात आल्यावरच पैसे पाठवते.