फोटोवरून सीएनसी पाथ काढताना टूलचा व्यास: या चुका टाळा

सागवानावर कोरलेली 'आनंद निवास' ही पाटी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवरून उतरते तेव्हा 'आनद निवास' झालेली असते. स्क्रीनवर अनुस्वार होता, मग गेला कुठे? टिंबाचा व्यास २.५ मिमी आणि कोलेटमधला (पकडीतला) बिट, म्हणजे फिरणारं कापायचं टूल, ३.१७५ मिमीचा. टिंबात बिट मावत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिथे पाथच, म्हणजे बिटने फिरायचा मार्गच, काढत नाही. बरं, बरीचशी सॉफ्टवेअर तसं सांगतही नाहीत. म्हणून फॉन्ट आवडला की लगेच बिट निवडू नका. आधी डिझाइनमधली सगळ्यात अरुंद जागा शोधून मोजा. बहुतेक वेळा ती अनुस्वारात, रफारात किंवा 'क्ष', 'श्र'सारख्या जोडाक्षरात सापडते. बिट त्याहून बारीक घ्या, नाहीतर टिंब सरळ मोठं करा. पाटी लांबूनच वाचली जाते, टिंब थोडं मोठं झालं म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

कोपऱ्यांचंही तसंच. गोल फिरणारा बिट आतला कोपरा काटकोनात काढू शकत नाही. तिथे त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई राहणारच, मशीन कितीही महाग असो. कोरलेल्या अक्षरात शिरोरेषेची टोकं गोल होतात. उठावाच्या अक्षरात टोकं चोख येतात, पण काना शिरोरेषेला मिळतो तो कोपरा गोल राहतो. गिऱ्हाइकाला हे आधीच दाखवून ठेवलेलं बरं.

आता मापाकडे. फोटो ट्रेस केल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअरकडून गिरवून घेतल्यावर, मिळते ती रेघ, आणि रेघेला जाडी नसते. बिटचं केंद्र त्याच रेघेवरून फिरवलं, तर ६ मिमीच्या बिटने १०० मिमीचा चौकोन ९४ मिमीचा होतो आणि २० मिमीचं भोक २६ मिमीचं. उपाय सगळ्यांना माहीत असतो: जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) कडेला पाथ रेघेच्या बाहेरून, भोकाला आतून. खरी गडबड होते ती बिटच्या त्रिज्येची ही भरपाई दोनदा झाल्यावर. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी आकार ३ मिमी फुगवलेला असतो, आणि पाथ काढताना पुन्हा 'बाहेरून' निवडलं जातं. जॉब निघतो १०६ मिमीचा. भरपाई एकाच ठिकाणी करा, आणि ती पाथ काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच करा. जी४१, जी४२ या आज्ञा वापरून कंट्रोलरकडून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, करून घ्यायचा विचार असेल, तर आधी कंट्रोलर तपासा. लिनक्ससीएनसीला ते जमतं. ग्रबल ती ओळ नाकारून 'एरर २०' देतो.

बाहेरून-आतून निवडूनही पाथ विचित्र येत असेल, तर दोष ट्रेसमध्ये शोधा. कडा ओळखून केलेल्या ट्रेसमध्ये एका रेघेच्या दोन समांतर रेघा होतात. पाथ कुठेतरी उघडा राहिला असेल, तर आत कुठलं नि बाहेर कुठलं हे सॉफ्टवेअरला कळतच नाही. जेपीईजीच्या खरबरीत कडांमुळे शेकडो नोड (रेघेवरचे बिंदू) तयार होतात आणि ऑफसेट घेताना, म्हणजे रेघ बाजूला सरकवताना, तिथे बारीक गाठी पडतात. नोड कमी करा, पाथ बंद करा, मगच पुढे जा.

तयार जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञांची फाइल) मोठा-लहान करणं तर पूर्ण बंद. ६ मिमीच्या बिटसाठी काढलेला कोड दीडपट केला, की त्यातला ३ मिमीचा ऑफसेट ४.५ मिमी होतो, बिट मात्र तोच राहतो. माप बदलायचं तर ते चित्रात. जुनी एसव्हीजी फाइल उघडल्यावर १०० मिमीचं ९३.७५ मिमी झालं असेल, तर दोष बिटचा नाही: इंकस्केपने ०.९२ आवृत्तीत ९० डीपीआयचं (इंचाला ९० पिक्सेलचं) ९६ केलं, त्याचा हा परिणाम.

सॉफ्टवेअरमध्ये भरलेला व्यास हा कोलेटमध्ये बसलेल्या बिटचाच हवा, हे सांगायला नको. पण 'तीनचा बिट' म्हणून ३ भरला आणि बसवला ३.१७५ चा, हे सर्रास चालतं. इनलेमध्ये, म्हणजे खाचेत वेगळा तुकडा बसवायच्या कामात, ते लगेच उघडं पडतं. खाच ०.१७५ मिमी मोठी, तुकडा तेवढाच लहान, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून फट ०.३५ मिमी. धार लावलेल्या बिटचा व्यास कमी झालेला असतो, आणि बिट फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये रनआउट (डगमग) असेल तर बिट व्यासापेक्षा रुंद कापतो. म्हणून पाकिटावरचा आकडा सोडा. टाकाऊ एमडीएफवर एक सरळ खाच मारा, व्हर्नियरने रुंदी मोजा आणि तीच भरा.

व्ही-बिटला (निमुळत्या टोकाच्या बिटला) तर एक ठरावीक व्यासच नसतो. रुंदी खोलीवर ठरते. ६० अंशांचा बिट ३ मिमी खोल गेला, तर वर जवळपास ३.४६ मिमी रुंद कापतो. ९० अंशांचा पूर्ण ६ मिमी. फळी थोडी जरी वाकलेली असली, तरी एका बाजूची अक्षरं जाड आणि दुसऱ्या बाजूची बारीक येतात. अशा वेळी आकड्यांशी खेळू नका, आधी फळीचा पृष्ठभाग सपाट करून घ्या.

काळ्या-पांढऱ्या छटांवरून उठावचित्र काढताना मात्र व्यासासोबत टोकाचा आकारही लागतो. प्रत्येक पिक्सेलच्या छटेवरून ठरलेल्या खोलीवर नुसतं टोक नेलं, तर उभ्या चढाजवळ बॉलनोजची (गोल टोकाच्या बिटची) बाजू शेजारचा भाग खाते. गणपतीच्या सोंडेची कड तिथेच जाते. लिनक्ससीएनसीमधला चित्रावरून जी-कोड काढणारा भाग टूलचा प्रकार आणि व्यास दोन्ही विचारतो आणि त्यानुसार टोक वर उचलतो. ते रकाने आधीच्या जॉबचे तसेच ठेवून पुढे जाऊ नका.