दाताच्या डॉक्टरकडे मुलाला नेताना: आई-बाबांनी आत थांबावं का, आणि थांबून काय करावं?

पालकांना आत घेता का, हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून ठेवा. काही दवाखान्यांत पालक कायम मुलाजवळ असतात, काही ठिकाणी फक्त पहिल्या भेटीत. वाईट प्रकार एकच: मूल खुर्चीत बसल्यावर दारात हुज्जत होणं. आईला आपल्यापासून तोडतायत, एवढंच मुलाला त्यातून कळतं आणि पुढची सगळी भेट त्या रडण्यात जाते.

आधी वय बघा

तीन वर्षांच्या आत प्रश्नच नाही, पालक लागतातच. तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसता. मूल तुमच्या मांडीवर, तोंड तुमच्याकडे, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे झुकवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवायचं. त्याचे दोन्ही हात तुमच्या हातांत आणि पाय तुमच्या कोपरांखाली. तपासणी एक-दोन मिनिटांत उरकते. मूल रडेल, रडू द्या. रडताना तोंड उघडं असतं, दाढा छान दिसतात.

साडेतीन-चारच्या सुमारास सोबतीचा फरक पडतो. 1962 साली अमेरिकेत फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. 41 ते 49 महिन्यांची मुलं आई जवळ असताना जास्त शांत राहिली. त्याहून मोठ्या मुलांत असा फरक दिसला नाही. मुलाच्या सहकार्याची चार पायऱ्यांची जी मोजपट्टी बालदंतवैद्य आजही वापरतात, तीही याच अभ्यासातली.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला सरळ विचारा, "मी आत येऊ की बाहेर बसू?" आईसमोर हातपाय झाडणारं मूल ती बाहेर गेल्यावर निमूट तोंड उघडतं, असंही पुष्कळदा होतं. पण पहिल्या भेटीत आजारांची, औषधांची माहिती द्यायला आणि संमतीला पालक हवेतच.

घरची तयारी

आदल्या दिवशी सांगा, आठवडाभर आधी नको. "डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत" एवढं पुरे. सुई, टोचणं, उपटणं हे शब्द काढू नका. "अजिबात दुखणार नाही" हेही नको, कारण मूल त्यातलं "दुखणार" तेवढं उचलतं. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन ब्रशच्या मागच्या टोकाने दात मोजायचा खेळ दोन-तीनदा खेळा. सगळे दुधाचे दात आले असतील तर वीस भरतील. आणि "दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी घरातून कायमची हद्दपार करा. वर्षभर ज्या माणसाच्या नावाने भीती घातली, त्याच्यासमोर मूल आ करेल कसं?

स्वतःला दाताच्या खुर्चीची धास्ती असेल तर आत जाऊ नका. आईची भीती मुलाला पटकन लागते. बाबा, मावशी, आजोबा, जो शांत असेल त्याला पाठवा. पण एकालाच.

वेळ शक्यतो सकाळची घ्या. खाणं हलकं आणि तासभर आधी. भरल्या पोटी रडताना आरसा मागच्या दाढेपर्यंत गेला की उलटी होते. गुंगीचं औषध द्यायचं असेल तर मात्र उपाशीपोटाचे तास डॉक्टर सांगतील तेच.

आत गेल्यावर

तुमची जागा पायथ्याशी, मुलाला तुमचा चेहरा दिसेल अशी. डोक्याशी डॉक्टर आणि सहायकांना हालचालीला मोकळीक लागते. फोन बंद. एक तळहात मुलाच्या नडगीवर नुसता ठेवा. थोपटू नका, दाबू तर मुळीच नका. तुमची पकड घट्ट झाली की काहीतरी होणार, हे मुलाला लगेच कळतं.

आता अवघड भाग: गप्प बसा. डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. फिरणारा ब्रश नखावर फिरवून "बघ, गुदगुल्या होतात" म्हणतात आणि तोच तोंडात नेतात. नेमकं त्याच क्षणी पायाकडून आवाज येतो, "घाबरू नको हं, सोन्या!" मूल आवाजाकडे बघतं, मान वळते, ब्रश ओठाला लागतो. शिवाय घाबरण्यासारखं काही आहे ही बातमी आईनेच दिलेली. एका वेळी एकच आवाज, तो डॉक्टरांचा. थांबायचं असेल तर हात वर करायचा, असं मुलाशी ठरलं असेल तर तो हात तुम्ही खाली करू नका.

प्रत्येक रडणं दुखण्याचं नसतं. यंत्र सुरू झालं की एका सुरात "ऊंऊं" आणि बंद झालं की गप्प, डोळ्यांत पाणी नाही, हे यंत्राचा आवाज बुडवण्यासाठी असतं. त्यात अडवण्यासारखं काही नाही. अशा वेळी पालकाने उठून "आज राहू दे" म्हटलं तर दाढ अर्धवट कोरलेली राहते आणि रडलं की सुटका होते हा धडा मिळतो. मात्र अचानक किंचाळून अंग आखडलं, तर भूल पुरेशी चढली आहे का, हे डॉक्टरांनी थांबून बघायलाच हवं.

बाहेर जायला सांगितलं तर गुपचूप सटकू नका. "मी दाराबाहेर बाकावर आहे," असं सांगून जा. परत यायचं ते मूल जरा स्थिरावल्यावर, रडणं टिपेला असताना नाही. बाहेर जाणं पटत नसेल तर ते आधीच सांगा.

संपल्यावर

"खूप दुखलं का रे?" हा प्रश्न टाळा. नेमकं कौतुक करा: "दाढ साफ होईपर्यंत तोंड उघडं ठेवलंस." आधी कबूल केलेलं चॉकलेट म्हणजे लाच, नंतर मिळालेला स्टिकर म्हणजे बक्षीस.

खालच्या दाढेला भूल दिली असेल तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मुलाला गंमत वाटते आणि ते ओठ चघळत बसतं. संध्याकाळी ओठ टम्म सुजतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट थर दिसतो आणि घरचे पू झाला म्हणून घाबरतात. बधिरपणा उतरेपर्यंत चावून खायचं काही देऊ नका आणि मुलाच्या ओठावर लक्ष ठेवा, विशेषतः गाडीत मागच्या सीटवर ते गप्प बसलं असेल तर.