शाळेचा इतिहास लिहायचाय? मग आधी जनरल रजिस्टर उघडा

शाळेला 50 किंवा 75 वर्षं झाली की ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "आपल्या शाळेचा इतिहास लिहूया रे", त्यावर तीस अंगठे येतात आणि काम एकाच्याच गळ्यात पडतं. आमच्या ग्रुपमध्ये तो एक मी निघालो. दोन वर्षं नाशिकमधल्या एका पालिकेच्या हायस्कूलमागे लागून जे कळलं ते सांगतो, तुमचे हेलपाटे तरी वाचतील.

स्मरणिकेपासून सुरुवात करू नका. त्यात उद्घाटनाचे फोटो, बोर्डात आलेली मुलं, मान्यवरांची मनोगतं आणि उरलेली पानं जाहिराती. शाळेत शिकायला कोण आलं आणि अर्ध्यातून कोण का गेलं हे तिथे सापडत नाही. ते जनरल रजिस्टरमध्ये असतं, ज्यावरून आपला दाखला निघतो तेच, कापडी पुठ्ठ्याचं, दोन हातांनी उचलावं लागणारं.

ते बघायला मिळावं म्हणून मुख्याध्यापकांना साधा लेखी अर्ज द्या, काय बघायचंय आणि कशासाठी ते चार ओळीत. मार्चमध्ये किंवा जूनमध्ये जाऊ नका, परीक्षा आणि प्रवेशाच्या गडबडीत कुणी उभं करत नाही. आणि परवानगी साहेबांची असली तरी किल्ली क्लार्कभाऊंकडे असते हे विसरू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागता येतं, पण तो शेवटचा उपाय ठेवा, आधीच अर्ज ठोकला की समोरचा माणूस सावध होतो आणि मग मोजून तेवढंच देतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं बाहेर आली, त्यामुळे कुठल्या कपाटात काय आहे हे आता बऱ्याच ठिकाणी पाठ आहे, हा आपला फायदा. तोटा असा की तुम्ही गेलात की पहिला प्रश्न "कुणाची जात शोधताय?" म्हणून आधीच सांगून टाका की तसलं काही नाही.

आता रजिस्टर कसं वाचायचं. नाव, जात, जन्मतारीख या रकान्यांत आपलं काही काम नाही. आपल्याला हवेत तीन रकाने, मागील शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण. मोबाईलवर साधी शीट करा, दर पाच वर्षांमागचं एक वर्ष पूर्ण उतरवा, सगळं उतरवायला बसलात तर म्हातारे व्हाल. मागील शाळा बघत गेलात की शहर कसं वाढलं ते दिसायला लागतं. 1925 ला नाशिकरोडला नोटा-स्टॅम्पच्या छपाईची प्रेस आली, 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली आणि मग सातपूरला कारखाने, पुढे सिडकोची घरं. तुमची शाळा त्या भागात असेल तर सिन्नर, निफाड, धुळे, जळगावकडच्या शाळांची नावं कधीपासून वाढतात ते मोजा, तो तुमच्या इतिहासातला एक पूर्ण भाग होईल.

आणि कारणाचा रकाना. वडिलांची बदली, कामधंदा, सतत गैरहजर, दोन-दोन शब्दांत विषय संपवलेला. मला एका पानावर आठवीतली एक मुलगी सापडली, कारण म्हणून फक्त "विवाह". त्याच ओळीच्या टोकाला दुसऱ्या अक्षरात, लाल शाईने, "दुबार दाखला दिला" आणि पुढे तारीख, शाळा सोडल्यावर एकोणीस वर्षांनंतरची. म्हणजे बाई पुन्हा शाळेत आली होती. कशासाठी ते लिहिलेलं नाही. मी त्या दिवशी पुढचं काही उतरवलं नाही, बाहेर टपरीवर चहा घेत बसलो.

काही ठिकाणी हमखास फसायला होतं. जुनी माणसं "इंग्रजी चौथी" म्हणतात ती आजची आठवी, कारण मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक. नवीन पॅटर्नची दहावी 1975 ला आली, त्यामुळे कुणी "मी अकरावी मॅट्रिक" म्हणालं तर सुधारायला जाऊ नका, ते बरोबर आहेत. शाळांची नावंही बदलतात. कुसुमाग्रज न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले असं वाचून तुम्ही शोधत बसाल, तर ती आजची रुंगटा हायस्कूल. पालिकेच्या शाळेत अजून एक गुंता, महापालिका झाली 1982 ला, त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा वेगळ्या नगरपालिका होत्या, तेव्हा शाळा मुळात कुणाची होती ते आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या दप्तरात महिना जाईल. माझा गेला. इमारतीच्या जागेसाठी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, जागा कुणाकडून कुणाकडे गेली ते फेरफाराच्या तारखांसकट मिळतं.

गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, जवळची शाळा असेल तर 1969 आणि 2008 चा पूर डोक्यात ठेवा, खालच्या फळीवरची रजिस्टरं भिजलेली असू शकतात. चिकटलेली पानं ओढू नका. मी ओढलं, अर्ध्या पानाचा तुकडा हातात आला, क्लार्कभाऊ काही बोलले नाहीत पण पुढचे पंधरा दिवस चहा विचारला नाही. अशी पानं तशीच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. फार जुनं दप्तर मोडी लिपीत लिहिलेलं निघालं तर मोडी वाचणारे नाशिकमध्ये मिळतात, सार्वजनिक वाचनालयात विचारा. वाचनालय 1840 चं आहे, जुनी वर्तमानपत्रं आणि 1883 चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर यांची चौकशीही तिथेच करा.

माणसांशी बोलायचं तर एकेकट्याने नको, तिघाचौघांना रविवारी सकाळी मिसळीला बसवा, एक चुकला की दुसरा लगेच "अरे तू तेव्हा बी तुकडीत होतास" म्हणून खोडतो. शिपाईमामा आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंना मात्र वेगळं भेटा, सरांसमोर त्या बोलत नाहीत.

छापताना रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकू नका, जात, जन्मतारीख सगळं उघडं पडतं. आकडे द्या, नावं त्या माणसाला विचारूनच. झालं की एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवा, वरच्या फळीवर.