डोस लवकर घेतला, उशिरा घेतला, रिपोर्ट निगेटिव्ह आला? या चुका टाळा

हिपॅटायटिस बीच्या लसीचे दोन डोस झाले, तिसरा राहूनच गेला. कार्डावरची ती रिकामी ओळ दोन वर्षांनी सापडते आणि माणूस पुन्हा पहिल्या डोसपासून सुरुवात करायला निघतो. गरज नाही. राहिलेला तिसरा तेवढा घ्यायचा. आधीच्या डोसांनी तयार झालेल्या, विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तारीख उलटली म्हणून पुसल्या जात नाहीत. मधल्या काळात संरक्षण अपुरं असतं, एवढाच काय तो तोटा.

खरं नुकसान घाईने होतं, आणि ती कुणाला चूक वाटतच नाही. 'प्रवासाला निघायचंय, दुसरा डोस आधीच उरकून टाकू.' पण पहिल्या डोसनंतर लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटणारी संरक्षक प्रथिनं, बनवणाऱ्या बी पेशींची चाळणी चालू असते. विषाणूला घट्ट धरणाऱ्या अँटिबॉडी ज्या पेशी बनवतात त्या टिकतात, बाकीच्या गळतात. हे काम कित्येक आठवडे चालतं. ते अर्धवट असताना दुसरी सुई टोचली, तर रक्तातल्या ताज्या अँटिबॉडीच लसीतला विषाणूचा अंश झाकून टाकतात आणि बूस्टरचा, म्हणजे पुढच्या डोसचा, जोर कमी पडतो. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीत हे आकड्यांतच दिसलं: 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या विश्लेषणात दोन डोसांत 6 आठवड्यांहून कमी अंतर असताना परिणामकारकता सुमारे 55 टक्के, तर 12 आठवडे किंवा जास्त अंतर असताना सुमारे 81 टक्के होती.

म्हणून किमान अंतर पाळा. हिपॅटायटिस बीच्या 0-1-6 महिन्यांच्या वेळापत्रकात तिसरा डोस दुसऱ्यानंतर किमान 8 आणि पहिल्यानंतर किमान 16 आठवड्यांनी हवा. एचपीव्हीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या) लसीच्या दोन डोसांच्या वेळापत्रकात दुसरा 5 महिन्यांच्या आत झाला, तर तिसरा घ्यावा लागतो. गोवराच्या लसीत अडथळा बाळाला आईकडून आलेल्या अँटिबॉडींचा असतो. साथीमुळे 9 महिन्यांआधी डोस दिला, तरी तो जादाचा समजतात. ठरलेले दोन पुढे द्यायचेच. इंजेक्शनने देण्याच्या दोन जिवंत (दुबळा केलेला जिवंत जंतू असलेल्या) लसी एकाच दिवशी चालतात, नाहीतर मध्ये 4 आठवडे जाऊ द्या.

'उशीर चालतो' हे रेबीजला लावू नका. प्राणी चावल्यानंतरचे डोस ठरल्या दिवशीच घ्यायचे, कारण तिथे शर्यत विषाणूशी असते. पूर्वी पूर्ण लसीकरण झालं असेल तर 0 आणि 3 या दिवशीचे दोन डोस बहुधा पुरतात. जखम साबणाने धुणं मात्र चुकवू नका.

दर खरचटण्याला धनुर्वाताचं इंजेक्शन, हीही एक सवयच. मूळ डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला मागच्या डोसपासून 10 वर्षं आणि खोल, मळक्या जखमेला 5 वर्षं उलटेपर्यंत बूस्टर लागत नाही. वारंवार घेतल्यास दंड चांगलाच सुजू शकतो.

आता रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्ट. फक्त विषाणूच्या बाहेरच्या स्पाइक प्रथिनावर बेतलेली कोविड लस घेतली आणि चाचणी न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाची केली, तर लसीने बनलेल्या अँटिबॉडी त्यात दिसणारच नाहीत. हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडींची पातळी शेवटच्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांनी तपासतात. 10 एमआययू (अँटिबॉडी मोजायचं एकक) प्रति मिली किंवा जास्त म्हणजे संरक्षण. एकदा ती गाठली की पुढे वर्षांनी आकडा 10 च्या खाली गेला तरी निरोगी माणसाला सहसा बूस्टर लागत नाही, स्मृतिपेशी विषाणू दिसताच कामाला लागतात. डायलिसिसवर असलेल्यांचं तसं नाही. त्यांची पातळी दरवर्षी तपासतात आणि ती 10 च्या खाली आली की बूस्टर देतात.