वाकड्या पावलाचे बूट पेटीत ठेवू नका

बाळाचं पाऊल जन्मतः आत वळलेलं दिसलं की आधी ग्रहण कधी पाळलं नाही याची चौकशी होते, मग महिनाभर तेलमालीश. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही आणि खरं वाकडं पाऊल मालिशने सरळ होत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच पॉन्सेटी पद्धतीची, म्हणजे पाऊल दर वेळी थोडं थोडं सरळ करत घालायची, प्लास्टरं सुरू करा. उशीर झाला असेल तरी जा.

प्लास्टर दर आठवड्याला बदलतं, साधारण पाच ते सात लागतात. ते मांडीपर्यंतच हवं, गुडघा काटकोनात. ‘बाळाला जड होतं, गुडघ्याखालीच घाला’ असा हट्ट धरू नका, तसं प्लास्टर घसरतं. घरी पोचल्यावर बोटांचा फोटो काढून ठेवा आणि रोज ताडून बघा. बोटं आत ओढली गेली असतील तर पाऊल आत चुकीच्या जागी दाबलं जातंय. बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. निळं, गार किंवा सुजलेलं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्लास्टर बदलायच्या आदल्या दिवशी ते घरी भिजवून काढू नका. तेवढ्या वेळात पाऊल मागे फिरतं.

टाचेमागची ताठ शीर (कंडरा) सोडवायला बहुतेक बाळांना छोटा छेद लागतो, त्यावर तीन आठवडे प्लास्टर. ‘ऑपरेशन नको, जोर लावून वर करा’ म्हणू नका. टाच वरच राहते आणि तळवा मधूनच होडीच्या बुडासारखा फुगतो.

सगळ्यात जास्त पावलं बिघडतात ती यानंतर, पाऊल परत वळू नये म्हणून आडव्या दांडीने जोडलेले बूट घालायचे असतात तेव्हा. सरळ पाऊल दिसलं की लोकांना उपचार संपला असं वाटतं. बीड, धारूर, केजकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, रात्री लेकरू रडतं, आजूबाजूच्यांची झोपमोड होते, दांडीचे बूट पेटीत जातात. उन्हाळ्यात गावी परततात तोवर टाच पुन्हा वर चढलेली, पाऊल आत, आणि बूटही लहान झालेले. मग परत पहिल्यापासून प्लास्टर. आईबापांना बोल लावण्यात अर्थ नाही, पण हे टाळता येतं. निघण्याआधी पुढच्या मापाचे बूट मागून घ्या, उपचाराची चिठ्ठी सोबत ठेवा, कारखान्याजवळ कुठे दाखवायचं ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे, आशाताईंना विचारा.

बूट पहिले तीन महिने 23 तास, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून 12 ते 14 तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. एकच पाऊल वाकडं असलं तरी बूट दोन्ही पायांत: वाकडं 60 ते 70 अंश बाहेर, चांगलं 30 ते 40. दांडी खांद्यांइतकी रुंद.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडणारच. रडलं की काढले, तर रडलं की बूट निघतात हे ते लगेच शिकतं. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, सरळ करा. एकेक पाय हलत नाही हे कळलं की ते शांत होतं. सुती मोजा घाला, मधला पट्टा आधी आवळा. मागच्या भोकातून टाच खाली टेकलेली दिसली पाहिजे. लाली चालेल, फोड आला तर टाच बुटात वर सरकतेय, त्याच दिवशी बूट तपासून घ्या.