इंग्लिश वाक्य कुठे चुकतं? बहुतेक वेळा मराठीतच! या चुका टाळा (इयत्ता ६वी ते ८वी)

टेन्सचा अख्खा तक्ता पाठ असतो, विचारलं की धडाधड म्हणून दाखवतात, आणि तरी निबंधात "आय डिड नॉट वेंट" लिहून येतात. मुलं आळशी असतात म्हणून नाही हो! डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं आणि मग शब्दाला शब्द ठेवला जातो, म्हणून असं होतं. त्यामुळे चूक दिसली की नुसती लाल रेघ मारू नका, मुलाला विचारा की हे मराठीत कसं म्हणशील, कारण लगेच सापडतं.

आता हेच डिडचं बघा. आपण "गेलो" म्हणतो आणि नकार आला की "गेलो नाही", म्हणजे "गेलो" तसंच राहिलं, म्हणून वेंटसुद्धा तसंच ठेवावंसं वाटतं. पण इंग्लिशमध्ये डिड आलं की भूतकाळ त्याच्यातच आला, पुढचं क्रियापद मूळ रूपात, आय डिड नॉट गो. डझचं पण सेम, एस डझमध्ये जाऊन बसलाय, म्हणून ही डझ नॉट गो, गोज नाही.

दुसरी चूक "पासून"ची आणि ही मोठी मुलंसुद्धा करतात. सोमवारपासून आणि दोन दिवसांपासून, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द, म्हणून मुलं दोन्हीकडे फ्रॉम टाकतात. कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर सिन्स मंडे, किती वेळ चाललंय ते सांगायचं असेल तर फॉर टू डेज. आणि नुसता तो शब्द बदलून भागत नाही, "मी दोन वर्षांपासून इथे राहतो" यातलं "राहतो" बघून आय लिव्ह लिहितात, तिथे आय हॅव लिव्ड हिअर फॉर टू इयर्स पाहिजे.

जरी-तरी ही जोडी पण अशीच, ऑलदो लिहिलं की पुढे बट आपोआप येतं. दोघांपैकी एकच ठेवा. "बाबा घरी आहेत" मधला आदर इंग्लिशमध्ये नेला की माय फादर आर होतं, तिथे इजच.

प्रश्न विचारताना मराठीत शब्दांच्या जागा बदलाव्या लागत नाहीत, "तू रडतोयस" आणि "तू का रडतोयस", म्हणून व्हाय यू आर क्राइंग येतं. व्हाय आर यू क्राइंग पाहिजे. गंमत म्हणजे हे एकदा पक्कं झालं की मुलं आय डोन्ट नो व्हेअर इज ही असं पण लिहायला लागतात, तिथे मात्र व्हेअर ही इज, कारण तो सरळ प्रश्न नाहीये.

अ की ॲन यात मात्र मराठी मुलांचा फायदाच आहे आणि तो कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. स्पेलिंग विसरा, शब्द देवनागरीत लिहून बघा. अवर स्वराने सुरू झाला, ॲन अवर. युनिफॉर्म "य"ने सुरू झाला, अ युनिफॉर्म. ॲन एक्स-रे, अ वन-वे रोड, बहुतेक सगळीकडे चालतं!!

शब्दांचं थोडक्यात सांगते. दार क्लोज होतं पण लाइट स्विच ऑफ करतात, "बंद" एकच असलं तरी. माय हेड इज पेनिंग नाही, आय हॅव अ हेडेक. कझिनपुढे ब्रदर नको, डिस्कसपुढे अबाउट नको, रिटर्नपुढे बॅक नको. होमवर्क, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर यांना शेवटी एस लावायचा नाही. बॉरो म्हणजे दुसऱ्याकडून घेणं आणि लेंड म्हणजे आपण देणं, हे दोन शब्द नुसते अर्थासकट पाठ केले तर हमखास उलटे होतात, म्हणून वाक्यच पाठ करा, कॅन आय बॉरो युअर पेन.

आणि लिहिलेला पेपर बाईंच्या हातात देण्याआधी सगळं एकदम तपासायला जाऊ नका, नजर नुसती घसरत जाते आणि काहीच सापडत नाही. एकदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवत वाचा, ही-शी-इट दिसलं की एस बघा, डिड दिसलं की पुढचा शब्द बघा. वेळ उरला तर मग स्पेलिंग.